देखभाल असमाधानकारक

“परत हीच बिजागरी?”

सुतारकाकांनी निसटलेलं दार खांद्यावर पेललं आणि मास्तरांकडे रोखून पाहिलं. “गेल्याच वर्षी नवे स्क्रू घातले होते मी. चांगले दीड इंची.”

“दार जुनं झालंय,” मास्तर म्हणाले.

“तुमच्यामाझ्याहून तर लहानच आहे.”

“मग पोरं आपटत असतील.”

यावर वर्गातल्या तेवीस पोरांनी एका सुरात गिल्ला केला. कोणी म्हणून कधी दार आपटलं नव्हतं. उलट मास्तरच ते पायाने ढकलतात, अशी पहिलीतल्या एका मुलीने चुगली केली, आणि मास्तरांनी गंभीर चेहऱ्याने मान हलवून गुन्हा कबूल केला.

मास्तरांची लेक व्हरांड्याच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. शहरातून दोन दिवसांसाठी आली होती. सगळे हसले तेव्हा तीही हसली, पण नजर कपातच ठेवून. ते स्क्रू कसे निघाले असतील हे या गावात आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे, अशी तिची सत्तावीस वर्षांची समजूत होती.

काकांनी हत्यारांची पिशवी उघडली तशी पोरं आपोआप अर्धगोल करून बसली. काकांनी दार तात्पुरतं चौकटीला लावलं, वरची बिजागरी जराशी सैल ठेवली आणि चौथीतल्या एका मुलीचं दप्तर दाराच्या टोकाच्या कडीत अडकवलं. दाराने मान टाकली. मग तेच दप्तर त्यांनी बिजागरीजवळच्या खिळ्याला टांगलं. दार जेमतेम हललं.

“दप्तर तेच ना?”

“तेच.”

“कोणी त्यातून काही काढलं?”

“नाही!”

“मग आता हलकं कसं झालं? सांगा. सांगितल्याशिवाय मी स्क्रू पिळणार नाही. बसा बिनदाराचे.”

पुढची पंधरा मिनिटं वर्गात नुसती भांडणं चालली होती. कोणी दप्तराच्या जागी स्वतः लोंबकळायला निघाला, कोणी पट्टी आणून अंतर मोजलं. मास्तर शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, जणू त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. निघताना काकांनी फळ्यावरचं वाक्य मोठ्याने वाचलं. अडखळत, पण शेवटच्या शब्दापर्यंत. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या कसल्या वाजवताय? एक जोडाक्षर गिळलं त्यांनी,” मास्तर म्हणाले. “काका, परत.”

काकांनी परत वाचलं.

शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर बापलेक घराकडे निघाले. रस्ता कच्चा, दोन्हीकडे कुंपणं. मास्तरांच्या हातात नेहमीची कापडी पिशवी होती.

“मंगळवारी तपासणीला साहेब येणार म्हणे,” ती म्हणाली.

“हो. पंचवीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत घालायच्या. आपला पट तेवीस. दोन पोरं काही कोणाकडून उसनी मिळत नाहीत.”

“पण मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे ना? पाच किलोमीटर?”

“साडेपाच. मोठी चार मुलं जातील चालत. बाकीची घरी बसतील. त्यातल्या मुली आधी बसतील.” मास्तर हे हवापाण्यावर बोलावं तसं बोलले. ते असं बोलू लागले की समजावं, गोष्ट त्यांना आतून कुरतडते आहे.

“इमारत धड असली आणि गावाचा सहभाग दिसला, तर सूट मिळते असं वाचलं मी.”

“मीही वाचलंय.”

“मग बाबा, निदान मंगळवारपर्यंत तरी काही मोडू…” ती थबकली. “मोडायला नको काही.”

मास्तरांनी चालता चालता तिच्याकडे पाहिलं. “वस्तू काय आपल्याला सांगून मोडतात?”

तेव्हा बोलता आलं असतं. रस्त्यावर तिसरं कोणी नव्हतं. वडिलांचा आवाजही थट्टेचा होता, बोलायला वाव देणारा. ती म्हणाली, “ऊन फार झालंय. पिशवी द्या इकडे.”

“राहू दे. मी काही म्हातारा नाही. निवृत्तीला अजून आठ महिने आहेत.”

रविवारी सकाळी मास्तर अंगणात खुर्ची टाकून बुटांना पॉलिश करायला बसले. मंगळवारची तयारी. एक बूट झाला. आईने आतून दोनदा विचारलं, चहा परत गरम करू का म्हणून. तिसऱ्यांदा ती विचारायला बाहेर आली, तेव्हा दुसरा बूट मास्तरांच्या हातातच होता.

मास्तरांच्या अंत्यदर्शनाला गाव लोटलं. एवढी माणसं त्या अंगणात कधी मावली नव्हती. पण लेकीच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. सुतारकाका, पंपवाले, शिवणकाम करणाऱ्या मावशी, सगळ्यांची तोंडं रोजचीच होती, तरी ती माणसं अनोळखी वाटत होती. बऱ्याच वेळाने तिला कळलं. आज कोणाच्याच हातात हत्यार नव्हतं. ते रिकामे हात कुठे ठेवावेत, हे त्यांना उमगत नव्हतं.

साहेबांनी पंधरा दिवस पुढची तारीख दिली. लेकीने रजा वाढवली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मास्तर या शाळेवर आले तेव्हा लेक आठ वर्षांची होती. दोन खोल्या, व्हरांडा, आवारात हातपंप. पालकसभेची चिठ्ठी घरोघर गेली की चारजण यायचे, तेही आवाराच्या कुंपणाशी उभे राहायचे. आत या म्हटलं की चपला बघायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना याच खोल्यांमध्ये लहानपणी छड्या बसल्या होत्या आणि दुसरीतिसरीत ते पळाले होते. शाळेतून बोलावणं म्हणजे एकतर तक्रार, नाहीतर अंगठा. मास्तर घरोघर गेले. सुतारकाकांना म्हणाले, एखादा तास मुलांना काही शिकवा. काकांनी तोंड भरून हसून घेतलं. “मला काय येतं मास्तर? मी अडाणी माणूस.” दुसऱ्या दिवसापासून मास्तर दिसले की काका गल्ली बदलू लागले.

मग एका सकाळी वर्गाचं दार खरोखरच निखळलं. आपोआप, कोणी हात न लावता. काकांना निरोप गेला आणि काका हत्यारं घेऊन तडक आत आले. उंबरठ्याशी घुटमळले नाहीत की चपलांकडे पाहिलं नाही. मास्तरांनाच म्हणाले, “बाजूला व्हा जरा.” पोरं भोवती जमली. काकांना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी टेप धरला आणि एका पोराला आकडा वाचायला लावला. तासाभराने ते गेले. दुसऱ्या दिवशी दार नीट बसलंय का बघायला परत आले, कोणी बोलावलं नसताना. तिसऱ्या दिवशी त्यांचा घरी बसलेला मुलगा वर्गात येऊन बसला.

मास्तर त्या दाराकडे बरेच दिवस बघत असत, असं आई सांगायची.

त्यानंतर शाळेत काहीबाही मोडू लागलं. घंटेचा लोलक पडला. घड्याळ थांबलं. खिडकीचा पडदा टरकला. कपाटाचं कुलूप अडकलं. दर वेळी कोणीतरी दुरुस्तीला यायचं, आणि हत्यारं आवरेपर्यंत मास्तर सहज विचारायचे, “हे असं का हो करता? या पोरांना दाखवा की.” मावशींनी पडदा शिवता शिवता पाऊण आणि पाव शिकवलं, कापड चुकीचं कापलं गेलं तर काय होतं, हे पोरांना गणिताच्या पुस्तकापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावरून जास्त कळलं. काकांनी फळकुट सरसाने चिकटवलं की सरस वाळायला दोन तास लागायचे. ते दोन तास काका मागच्या बाकावर बसायचे. सरस वाळत गेला आणि काका अक्षरं शिकत गेले.

लेक चौथीत असताना पेन्सिलींचा डबा शाळेत विसरली. संध्याकाळी आणायला गेली तर आवारात वडील एकटेच होते. बाह्या दुमडलेल्या, हातात पाना, कपाळावर घाम. त्यांनी हातपंपाचं वरचं झाकण खोललं, आतून काहीतरी काढलं, खिशात टाकलं. झाकण बसवलं. मग चोरासारखं चारी बाजूंनी पाहिलं. ती खोलीच्या आडोशाला होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले, “पंप बिघडलाय. का बिघडला, देव जाणे.”

नऊ वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं की आपले बाबा खोटं बोलतात. ती कोणापाशी बोलली नाही. ते तिने पोटात ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. पुढे केव्हातरी, कॉलेजात असताना, त्यामागचं कारण तिला अंधुक कळलं. पण तोवर न बोलण्याची सवय हाडीमाशी मुरली होती. शिवाय तिने नोकरी पत्करली ती विमा कंपनीत. जळालेली दुकानं, फुटलेल्या काचा, बंद पडलेली यंत्रं बघायला जायचं आणि वस्तू आपोआप मोडली की कोणी मोडली, ते ओळखायचं. ती त्या कामात तरबेज होती. सहकारी म्हणायचे, तुला वासावरून कळतं. कशावरून कळतं, ते तिने कधी सांगितलं नाही.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली. धाकट्या बाई कागदपत्रं लावत होत्या. धाकट्या बाई म्हणजे मास्तरांच्या हाताखालच्या शिक्षिका, पंपवाल्यांची मुलगी, आणि लेकीची एकेकाळची बाकावरची जोडीदारीण. एकत्र असल्या की दोघी अजूनही एकमेकींना लहानपणीसारख्याच बोलत.

“बघ गं हे,” बाई म्हणाल्या. त्यांनी शेऱ्यांची वही पुढे सरकवली. “सरांनी कधी मला दाखवली नाही. आणि आता वाचतेय तर रडू येतंय.”

दरवर्षी तपासणीला कोणी ना कोणी साहेब आला होता. अक्षरं वेगळी, शाई वेगळी, शेरा एकच. ‘शालेय मालमत्तेची देखभाल असमाधानकारक.’ अठ्ठावीस वेळा. एकाने त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. प्रत्येक शेऱ्याखाली मास्तरांची सही होती, सरळ, टपोरी, तारीख घालून. खुलाशाची जागा कोरी.

“बढती दोनदा हुकली त्यांची यामुळे,” बाई म्हणाल्या. “एकदा तरी लिहायचं ना काही. सर म्हणायचे, त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलंय.”

बाई मुलांना पाणी द्यायला बाहेर गेल्या. लेकीने कपाटातून दुरुस्त्यांची वही काढली. मास्तर कागद टाकत नसत. एकशे सात नोंदी. तिने सवयीने त्या चाळायला घेतल्या, ऑफिसात एखादं संशयास्पद प्रकरण चाळावं तशा. आणि तिला दिसू लागलं. परीक्षेच्या आठवड्यात कधी काही मोडलेलं नाही. कोणाला इजा होईल असं काही नाही. एकाच घरचा माणूस लागोपाठ दोनदा बोलावलेला नाही. इतकी शहाणी मोडतोड तिने नोकरीत पाहिली नव्हती.

मग तिने हजेरीपट काढले आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या.

लोहाराचा मुलगा बारा दिवस गैरहजर. तेराव्या दिवशी घंटेचा लोलक पडला, आणि तो बसवायला लोहार आला. मावशींची पुतणी येईनाशी झाली, आठवड्याच्या आत पडदा फाटला. कोणाचं पोर घरी बसतंय हे आधी, वस्तू नंतर. पानं उलटत ती चौथीच्या वर्षापाशी आली. एका मुलीच्या नावापुढे एकवीस दिवस फुल्या होत्या. घरात लहान भावंडं होती, त्यांना सांभाळायला तिला ठेवून घेतलं होतं. बाकावरची शेजारची जागा तीन आठवडे रिकामी होती, हे लेकीला आता आठवलं. बाविसाव्या दिवशी पंप बिघडला. चोविसाव्या दिवसापासून हजेरी.

बाहेर धाकट्या बाईंचा आवाज येत होता. “रांगेत. धक्काबुक्की नको. सगळ्यांना मिळेल.”

लेकीने वह्या मिटल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले. माणूस वाईट नव्हता. चाळिशीचा, दमलेला, त्या दिवशीची ही त्याची तिसरी शाळा. वर्गात मुलांच्या मागे भिंतीला लागून गावकरी उभे होते. एका बाजूला आई खुर्चीवर बसली होती, तिच्यामागे लेक.

साहेबांनी छापील फॉर्म काढला. “पट तेवीस. हं. आता इमारत. अठ्ठावीस वर्षांत एकशे सात दुरुस्त्या. एवढी मोडतोड कशाने हो?”

गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि लेकीला त्या नजरा ओळखीच्या वाटल्या. तशी नजर ती आरशात बघत आली होती. यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येकजण आपल्यासारखाच गप्प राहिला आहे.

सुतारकाका पुढे झाले. “लाकूडच निकृष्ट, साहेब.”

“दारं कोणी केलीत?”

“मीच.”

“म्हणजे तुम्ही निकृष्ट लाकूड वापरलंत?”

पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या दारांना नाव ठेवणारा माणूस जन्मला नव्हता. “हो साहेब. माझी चूक.”

साहेबांनी लिहिलं. पंपवाले म्हणाले, “पंपाचं म्हणाल तर पाणीच खराब आहे. वॉशर खातं.” साहेबांनी लिहिलं, पिण्याचे पाणी अयोग्य. मावशी म्हणाल्या, “पडदे फाटायचे ते माझ्यामुळे. माझे टाके कच्चे.” तेही साहेबांनी लिहून घेतलं.

मास्तरांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून एकेक माणूस पुढे येऊन आपली कारागिरी पायाखाली घालत होता, आणि त्या प्रत्येक वाक्यासरशी शाळा बंद करायला एक नवं कारण फॉर्मवर चढत होतं. हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. लेकीच्या येत होतं. तिला साहेबांचं पेन दिसत होतं.

“गावाचा सहभाग,” साहेबांनी पुढचा रकाना वाचला. “नोंद नाही.” पेन रकान्यावर टेकलं.

“थांबा,” लेक म्हणाली.

साहेबांनी वर पाहिलं. “आपण?”

“मास्तरांची मुलगी. हे सगळे खोटं बोलताहेत.”

“ताई!” काकांनी दबक्या आवाजात दटावलं. “बस खाली. आम्ही बोलतोय ना?”

“काका, तुमच्या दाराला अजून शंभर वर्षं काही होत नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.” ती साहेबांकडे वळली. तिचा आवाज ऑफिसातल्यासारखा निघाला, आणि तो तसाच राहावा म्हणून तिने पुढच्या बाकाची कड धरली. “पहिल्या नोंदीतलं दार आपोआप निखळलं. बाकीच्या एकशे सहा वस्तू माझ्या वडिलांनी मोडल्या. मुद्दाम.”

“काय सांगताय?”

“दुरुस्तीची वही आणि हजेरीपट शेजारी ठेवून बघा. ज्या घरचं मूल शाळेत येईनासं व्हायचं, त्या घरच्या माणसाचं काम शाळेत निघायचं. नुसतं या म्हटलं असतं तर कोणी आलं नसतं. आम्हाला काय येतं, म्हणाले असते. कामाला बोलावलं की यायचे. आले की शिकवून जायचे. आणि त्यांच्यामागून त्यांचं मूल यायचं.” तिने श्वास घेतला. “दुसऱ्याच वर्षीच्या नोंदींत पंप आहे. त्याच्या आधी एका मुलीची एकवीस दिवस गैरहजेरी आहे. ती मुलगी इथे खडू घेऊन उभी आहे.”

धाकट्या बाईंनी फळ्याचा आधार घेतला. पंपवाल्यांनी मान खाली घातली, आणि मग ती न उचलताच बोलले. “खरं आहे साहेब. मी झाकण उघडलं तर आत वॉशरच नाही. झिजतो वॉशर, फाटतो, पण चालत कुठे जात नाही. पोरं बघत होती. मास्तर बघत होते. मी म्हटलं, झिजलाय. मग घरी जाऊन विचार केला, हा माणूस एवढं कशासाठी करतोय? त्या रात्री झोप नाही आली. तिसऱ्या दिवशी पोरीला पाठवलं.”

“मलापण कळायचं,” मावशी म्हणाल्या. “फाटलेलं आणि कात्रीने टोचलेलं कापड मला कळणार नाही होय? पण म्हटलं, बोलले तर हे बोलवायचं बंद करतील.”

“स्क्रू पिळून काढलेले असायचे,” काका म्हणाले, “आणि मास्तर टेबलावर पुडीत बांधून ठेवायचे. म्हणायचे, सापडले बरं का. एकही हरवला नाही कधी.”

कोणीतरी हसलं. मग सगळेच बोलू लागले. कोणी काय शिकवलं, कोणाकडून काय शिकलं, कोणत्या साली. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं, फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून लिहायला घेतलं. एका वेळी एक, म्हणाले, आणि नावं नीट सांगा. पाऊण तास लागला.

शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं. “निर्णय माझ्या एकट्याचा नाही. पण हे लिहून झाल्यावर मी ‘बंद’ अशी शिफारस करू शकत नाही. चालू ठेवा, असंच लिहिणार.” मग त्यांनी आईकडे पाहिलं. “बाई, फक्त एक आहे. हे पाठवायचं म्हणजे सरांनी शाळेची मालमत्ता जाणूनबुजून मोडली, हेही कागदावर येणार. ते त्यांच्या नावावर कायमचं राहील.”

“राहू द्या,” आई म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं निष्काळजी म्हणून लिहिलंत ते राहिलंच ना? त्यापेक्षा हे बरं. हे निदान खरं आहे.”

“तुम्हालाही ठाऊक होतं?”

“शर्ट मी धुवायची, साहेब. पंपाचं वंगण खडूसारखं झटकून जात नाही.”

साहेब हसले. कागद गोळा करता करता त्यांनी लेकीला विचारलं, आणि त्यात आरोप नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“मी नऊ वर्षांची होते. आडोशाला उभं राहून पाहिलं.”

“मग इतकी वर्षं कोणाला बोलला का नाहीत?”

ती बाकाची कड सोडून सरळ उभी राहिली. मुलं मागे वळून तिच्याकडे बघत होती. आईही.

“आधी लाज वाटायची,” ती म्हणाली. “नंतर वाटायचं, आता काय बोलायचं. माझं काम मोडलेल्या वस्तू बघायचं आहे, साहेब. रोज बघते. लोक स्वतःसाठी मोडतात. दुसऱ्याला दारातून आत यायला निमित्त मिळावं म्हणून मोडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो माझा बाप होता. आणि हे सगळ्यात आधी मला त्याला सांगायचं होतं.”